निघायचं विसरलेलं गाव

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. विचारलं काय, तर आमच्याकडं विहीर खणली तर किती हातावर पाणी लागतं. मी म्हणाले, लागतच नाही, टँकर येतो. त्यावर हा माणूस असा खूश झाला की आत तोंड करून बायकोला म्हणाला, चहा ठेव, पाण्याला भिणारं माणूस आलंय. मग खाली वाकून त्यांनी अंगणातली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बाजूला थुंकून मला म्हणाले, "मळी. बाय, तू झोपणार हाईस ती नदीत, येवढं ध्येनात ठिव."

मी मनात म्हटलं, मेलं, बसस्टँड जवळ पडतो म्हणून येड्याच्या घरात राहायचं का? तेवढ्यात घरमालकीण काकी बाहेर आल्या. गुडघे धरून, भिंतीला हात लावत लावत. त्यांनी माझ्या लेकीच्या, राणूच्या, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, ह्यांचं मनावर घेऊ नकोस, आल्यागेल्याला असंच म्हणतात. त्या गुळाच्या खड्यावर मी खोली घेतली.

मी एसटीत कंडक्टर. माहेर-सासर दोन्ही जतच्या अंगाला, मेंढरांमागं हिंडलेली माणसं आमची. नवरा गावाकडं शेती बघतो, आणि माझी बदली झाली कृष्णाकाठच्या ह्या लहानशा गावच्या डेपोत. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून ओळखतात, आणि आता जे सांगणार आहे ते त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही. रहिमतपूर, तासगाव, कुंडल अशा ड्युट्या असायच्या. गाडी पुलावर आली की मी तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घालायचे, ते पलीकडच्या काठाला वर काढायचे. एवढं पाणी एका जागी मी कधी बघितलंच नव्हतं. ड्रायव्हर हसायचे. हसू देत, माझ्या बापाचं काय जातंय.

तर घरमालक, म्हणजे काका. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झालेली, उभा जन्म साखळी घेऊन दुसऱ्याचे बांध मोजण्यात गेला. पोरबाळ नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, ह्यांनी गाव मोजायला घेतलं. हातात कमरेएवढा लोखंडी गज असायचा. सकाळी उठलं की त्या गजानं रस्त्यात, गटाराकडेला, लोकांच्या उंबऱ्याशी जमीन ठोकत हिंडायचे आणि खालची माती चाखायचे. राख, खापऱ्या, शेणाची चव लागली की पांढर, म्हणजे पूर्वी माणसं राहिलेली जागा. गुळगुळीत, बेचव लागली की मळी, म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. माणसं त्यांना नावानं माहीत नव्हती. "काय पांढरीवाले, बरं हाय का" आणि "काय मळीवाले, अजून हितंच का", अशी हाक. दुसऱ्या हाकेला लोक शिव्या द्यायचे.

घरात सगळ्या पलंगांच्या पायाखाली चार चार विटा. दाराच्या खुंटीला माणशी एक गाठोडं, त्यात कपडे, काडेपेटी, शेंगदाणे. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात तिसऱ्या आणि चौथ्या खुंटीला माझं आणि राणूचं गाठोडं लागलं. राणूच्या गाठोड्यात तिच्या मापाचा फ्रॉक होता. कुठनं आणला, कधी माप घेतलं, देव जाणे. मला ते बघून बरं वाटायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, अंगावर काटा आला. आपलं निघून जाणं कुणीतरी आधीच बांधून ठेवलंय, असं वाटलं.

अंगणात धुण्याचा एक दगड होता, काळा, मांडीएवढा उंच, बाजूनं गोल खाच पडलेला. महिनाभर मी त्याच्यावर धुणं आपटलं. एके दिवशी काका येऊन त्या खाचेत बोट फिरवत उभे राहिले. म्हणाले, ही दोरानं पडलीय. तू धुणं धुतीस तिथं नाव बांधायचे. मी म्हटलं, काका, नदी इथनं केवढी लांब. तर म्हणाले, "आता लांब हाय. पयल्यांदा ती हितनं जायची, आपल्या मागनं. ही आळी म्हंजे तिचं अंथरूण. ती उठून तिकडं गेली, आन आपण तिच्या अंथरुणात शिरलो." त्या दिवसापासनं मी धुणं मोरीत धुवायला लागले. काकी हसल्या, दगडाला काय भ्यायचं म्हणाल्या. पण मला त्या खाचेकडं बघवेना.

काकांच्या डोक्यात गावाची सुरवात कशी होती, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावाच्या एका अंगाला उंच टेकाड आहे, वर मारुतीचं देऊळ आणि शाळा. गाव आधी त्या टेकाडावर बसलं. पांढर तेवढीच. खाली नदीला उतार होता, तिथं नाव चालवणाऱ्या कोळ्यांची सात खोपटं. बाकी सगळी वाळू आणि मळी, उन्हाळ्यात कलिंगडं लावायची आणि पावसाळ्यात नदीला सोडून द्यायची. मग एका मोठ्या पुरात नदीनं कूस बदलली, पलीकडं सरकली. मागं राहिला तो ओढा, बसस्टँडच्या मागचा, ज्याच्यात आता गाव कचरा टाकतं. बाजार वाढला, गुळाच्या गाड्या यायला लागल्या, व्यापाऱ्यांना घाटाजवळ घरं पाहिजे होती, आणि माणसं हळूहळू टेकाडावरनं खाली उतरली. तीच आमची खालची आळी. काकांनी मोजणीचा जुना नकाशा मला दाखवला होता. आळीतले सगळे जमिनीचे गट वाकडे, कोयत्यासारखे, एकामागं एक. घरं सरळ बांधली, पण बांध नदीच्या वळणावर राहिले, म्हणाले. मला नकाशातलं कळत नाही, पण ते वाकडेपण मला दिसलं.

गावाच्या कसल्याशा कार्यक्रमात एकदा काकांना गावाचा इतिहास सांगायला बोलावलं. आधीच्या वक्त्यांनी गाव ऋषीच्या पावलानं पुनीत केलं. ह्यांनी उठून सांगितलं, "हे भिऊन बसल्यालं गाव हाय. पाण्याला भ्यालं म्हणून टेकाडावर बसलं. भेत हुतं तवर जगलं." आणि पुढं आळीतल्या एकेकाच्या घराखाली काय आहे ते सांगायला लागले. माईक काढून घेतला. तरी ते बोलतच राहिले, खाली बसलेल्या पहिल्या दोन रांगांना ऐकू जात होतं. त्यातली एक मी होते, राणूला मांडीवर घेऊन.

रविवारी सुट्टी असली की ते आम्हाला टेकाडावर न्यायचे. मला वाटलं होतं देवदर्शनाला. छे! पावलं मोजायला. दारापासनं शाळेच्या पायरीपर्यंत माझी सहाशे चाळीस, राणूची नऊशे दहा. राणूला तो खेळ वाटायचा, ती काकांचं बोट धरून मोठ्यानं मोजायची. काकींची पावलं मोजलेली नव्हती. त्या आळीच्या तोंडापर्यंतसुद्धा दोनदा बसून जायच्या. मी विचारलं तर काका म्हणाले, तिला मी आणीन.

आता ओटीचं सांगते.

त्या गावात रीत आहे. नदी चढायला लागली की सगळ्यांचं लक्ष घाटावरच्या दगडी नंदीवर. नंदीच्या गुडघ्याला पाणी लागलं की सुवासिनी वाजतगाजत जातात आणि नदीची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी भरली की कृष्णामाई माघारी जाते. आणि एकदा ओटी भरली की कुणी घर सोडायचं नाही. सोडलं तर आईवर विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि मग ती कोपते. पाणी उंबऱ्याला लागलं तरी माणसं पलंगावर पाय घेऊन बसतात, पण हलत नाहीत. आळीतली सगळ्यात मोठी सुवासिनी काकी, म्हणून ताट त्यांच्या हातात. पोरी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घाटावर न्यायच्या.

आणि त्यांचाच नवरा गावभर ओटीविरुद्ध बोलत हिंडायचा. म्हणजे विरुद्ध असंही नाही. नाव चालवणाऱ्या त्या सात खोपटांपैकी एका घरातली म्हातारी तेव्हा हयात होती, नव्वदीच्या पुढची. तिनं काकांना सांगितलं होतं की तिच्या आजेसासूच्या वेळेला ओटी काठावरनं नाही, नावेतनं भरायचे. आधी पोरंबाळं वर टेकाडावर, मग गुरं, मग धान्य. सगळं गाव वर गेलं की शेवटची बाई नावेत उभी राहायची, रिकाम्या गावाकडं पाठ करून पाण्यात खण-नारळ सोडायची आणि जायची. सगळं सांगून काका म्हणायचे, "ओटी कवा भरत्यात? निघताना. आपण निघायचं इसरलो, खण-नारळ तेवढा ध्येनात ऱ्हायला."

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. काकींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, माझ्या सासूनं काठावरनं भरली, मी काठावरनं भरते, म्हातारीचं वय झालंय. नवराबायकोत ह्यावरनं भांडण नव्हतं. ओटीच्या दिवशी सकाळी काका स्वतः दुकानात जाऊन हिरवा खण आणायचे, नारळ सोलून द्यायचे, आणि मग घाटावर जाऊन तीच ओटी अडवायचे.

आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी तशीच अडवली. नंदीच्या गुडघ्याला पाणी लागलं, वाजंत्री आली, बायका निघाल्या, आणि हे हात पसरून वाटेत उभे, आधी पोरं वर न्या, मग भरा. गावातल्या पोरांनी ढकललं, चिखलात पडले, धोतर फाटलं. तिथनं ते धावत घरी आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, बाय, चल. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी विचारलंसुद्धा नाही. खुंटीवरची गाठोडी घेतली, राणूला काखोटीला मारलं आणि सहाशे चाळीस पावलं पळत गेले.

त्याच संध्याकाळी पाणी उतरलं. ओटी पावली.

मी मात्र शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस बसून राहिले. खाली उतरायची हिंमत होईना. ड्युटी बुडाली. डेपोत गेले तर ड्रायव्हर म्हणे, बाई, आज गाडी आणू का होडी? ते मी सोसलं असतं. पण राणू. राणूला ताप भरला, उतरला, आणि ती पाण्याला भ्यायला लागली. आंघोळीची बादली बघितली की किंचाळायची. सहा वर्षांची पोरगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. शाळेतनं येताना नऊशे दहा आकडे मोजत यायची, आकडा चुकला की रडायची. माझ्या पोटचं पोर माझ्याच भीतीनं आणि ह्या माणसाच्या बडबडीनं असं झालं, असं मला वाटलं. आणि मला राग आला. मी भित्री आहे, पण माझा राग वाईट आहे, आमच्या गावात कुणालाही विचारा.

मी राणूला हाताला धरून ओढत काकांच्या पुढं नेलं. त्यांचा हात धरला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. मी म्हणाले, "म्हणा. नदीचं नाव पुन्हा काढणार न्हाई. पुराचं न्हाई, टेकाडाचं न्हाई, कुणापुढं न्हाई. काढलं तर हिचं वाईट हुईल."

काकी म्हणाल्या, अगं, असं नाही करू, लेकराच्या डोक्यावर नाही. मी ऐकलं नाही. राणू खालनं काकांकडं बघत होती. ओटीला न मानणारा हा माणूस, शपथेला काय मानतोय, असं कुणाला वाटेल. पण ते राणूला फार जपायचे. म्हणाले, सगळं म्हणाले, शब्दाला शब्द.

आणि पाळलं. दुसऱ्या दिवशी गज माळ्यावर गेला. नकाशे ट्रंकेत गेले. माती चाखणं बंद. रस्त्यानं जाताना कुणी मळीवाला दिसला तर नुसती मान हलवायचे. गाव म्हणालं, ओटी अडवली म्हणून आईनं वाचा नेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घर शांत झालं. राणू हळूहळू आंघोळ करायला लागली. काका तिला अक्षर शिकवायचे, चिंचोके खेळायचे, आणि पाऊस पडायला लागला की उठून आत जायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग तो पाऊस आला.

आठ दिवस सूर्य दिसला नाही. वर धरणं भरली, पाणी सोडलं, पूल बंद झाला, गाड्या बंद, मी घरी. नंदीच्या गुडघ्याला पाणी लागलं ते सकाळीच. ओटी निघाली. काकींना पोरींनी अक्षरशः उचलून घाटावर नेलं आणि आणलं. भिजल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान. मला म्हणाल्या, भरली गं, आता काळजी नाही.

मला काळजी होती. पण मागच्या वेळचं हसणं आठवत होतं आणि मी काकांकडं बघत होते. ते गप्प होते. ज्या माणसाला पाण्याची एवढी भीती तोच गप्प आहे, म्हणजे काही नाही, असं मी मनाला समजावत होते. त्याला गप्प कुणी केलं, हे मी सोयीस्करपणे विसरले.

दुपारपर्यंत ते दोनदा माझ्या दारात आले. पहिल्या वेळी तोंड उघडलं, मिटलं. काय काका? काय न्हाई. त्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत ओढ्याचा काळा चिखल होता. सगळं गाव पुढं नंदीकडं बघत होतं आणि हे मागं ओढ्याकडं जाऊन आले होते, हे मला आता कळतं. दुसऱ्या वेळी म्हणाले, राणूला जरा शाळा दाखवून आणू का? धो धो पाऊस, शाळेला सुट्टी, आणि शाळा! मी म्हणाले, काका, पुन्हा सुरू करू नका. ते परत गेले. आत काकींशी काहीतरी हळू बोलणं झालं.

तिसऱ्या वेळी आले ते बोललेच नाहीत. राणू उंबऱ्यात बसली होती. त्यांनी तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले.

मला दोन क्षण कळलंच नाही. मग मी ओरडले. त्यांच्या दारात काकी भिंतीला धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, जा, जा त्यांच्या मागनं. मला वाटलं, नवऱ्याचं डोकं फिरलं म्हणून त्याही घाबरल्यात. मी चिखलातनं पळाले. सत्तरीचा माणूस, आठ वर्षांची पोरगी खांद्यावर, पण मला गाठता येईना. राणू रडत होती. मी आळीभर ओरडत होते, पोर पळवली, धरा, पोर पळवली.

टेकाडाच्या पायऱ्या चढल्यावर मारुतीच्या देवळात तालमीतली पोरं पावसाची अडकून बसलेली होती. त्यांनी धरलं. राणूला काढून माझ्याकडं दिलं आणि काकांना खाली पाडलं. दोघं त्यांच्या पाठीवर बसले. मी राणूला छातीशी धरलं होतं आणि माझ्या तोंडातनं काय काय शिव्या गेल्या ते आता सांगवत नाही.

काका ओरडले नाहीत. चिखलातनं मान वर करून म्हणाले, "मला घरी जाऊ द्या. कारभारीण घरात एकटी हाय."

ती काय पळून जातीया काय, असं म्हणून एक पोरगा हसला. दुसऱ्यानं विचारलं, पोर घेऊन चालला होतास कुठं, ते सांग आधी. कशाला आणली? बोल.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग राणूकडं. तोंड उघडलं. मी ते उघडलेलं तोंड अजून बघते. आणि त्यांनी ते मिटलं.

"घरी जाऊ द्या," एवढंच पुन्हा म्हणाले.

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "सोडू नका त्येला."

किती वेळ गेला असेल? पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मला घड्याळ कळत नव्हतं. आधी आवाज आला, बसस्टँडच्या मागनं, खडी ओतल्यासारखा. मग आळीतली कुत्री पळत वर आली. आम्ही सगळ्यांनी नदीकडं बघितलं, तर घाट तसाच होता, नंदीचं डोकं दिसत होतं. पाणी मागनं आलं. ओढ्याच्या वाटेनं, कचरा, टायर, एक हिरवं प्लॅस्टिकचं पिंप पुढं घालून, आणि आळीच्या मागल्या तोंडातनं आत शिरलं. वरनं बघताना ते नकाशावरच्या वाकड्या रेघेनं वळलं. लोक बाहेर पडले, परत आत पळाले, माळ्यावर, पत्र्यावर चढले.

पोरांनी काकांना सोडलं. ते पायऱ्यांवरनं गडगडतच खाली गेले. छातीएवढ्या पाण्यात शिरले, आणि त्याच पोरांनी त्यांना परत ओढून काढलं. मग मात्र ते ओरडले. बायकोला तिच्या नावानं हाक मारत होते. एवढ्या वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

पायानं धड होती ती माणसं वाचली. काकी दुसऱ्या दिवशी, होडी आली तेव्हा, सापडल्या. आमच्याच खोलीच्या दारात. मी काय सांगू पुढं.

गाव म्हणतं, येड्यानं दुसऱ्याचं पोर पळवायच्या नादात स्वतःची बायको बुडवली. मी हे पानाच्या टपरीवर ऐकलं, गाडीत ऐकलं, डेपोत ऐकलं. एकदाही तोंड उघडलं नाही. एक शब्द ते बोलले असते तर मीच राणूला घेऊन पळाले असते आणि ते काकींना घेऊन आले असते, ठरल्याप्रमाणे. तो शब्द मी त्यांच्याकडनं काढून घेतला होता, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. मी बदली मागून घेतली.

काका कुंडलला भाच्याकडं राहायला गेले. कुंडलची ड्युटी लागली की मी आजारी पडायचे. असं वर्षभर केलं. शेवटी एका रविवारी राणूला घेऊन गेले. भाच्याच्या ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली, पाय पोटाशी. राणूला जवळ बोलावलं, ती उंच झाली होती, तिच्या पायाकडं बघून म्हणाले, आता पावलं कमी लागत असतील. एवढं म्हणून एकदम गप्प झाले, जीभ चावल्यासारखे.

राणू भाच्याच्या पोरींबरोबर अंगणात गेली. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हणाले, "काका, पोरं ईचारत हुती. एक शब्द बोलायचा. का न्हाई बोलला?"

त्यांना प्रश्न समजला नाही असं तोंड झालं त्यांचं. मग अंगणात राणूकडं बोट केलं.

"तिच्या डोस्क्यावर हात हुता न्हवं माझा."

मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, सुटली काका, शपथ सुटली, मीच घातली होती, मीच सोडवते, सुटली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आत्ता सुटली व्हय," ते म्हणाले, आणि माझ्यादेखत पहिल्यांदा रडायला लागले.